तारेला पत्ता ठाऊक होता

पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत न्यू मेक्सिकोत दुपारचे बारा वाजलेले असतात. पलीकडे खडीच्या खाणीवर जेवणाची सुट्टी व्हायची, क्रशर थांबायचा आणि तासभर माणसाचं बोलणं माणसाला ऐकू यायचं. म्हणून हीच वेळ ठरली होती. वाकडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती खोलीचं दार लोटून घ्यायची, हेडफोन लावायची आणि कधीही न पाहिलेल्या त्या ओसाड माळावरच्या फोनांचं काम सुरू करायची.

काम हातात आलं तेव्हा दोन पानांचं होतं. ओहायोत मुख्य कचेरी असलेल्या एका कंपनीने ही खाण विकत घेतली होती. खाणीवरची जुनी टेलिफोन यंत्रणा काढायची, ३१ नवे फोन बसवायचे आणि ते इंटरनेटवरून ओहायोतल्या मुख्य यंत्रणेला जोडायचे. पुण्यातल्या तिच्या टीमने अशी कामं आधी बरीच केली होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती : ‘९११ चालू करून तपासणे.’ बाकीचं सगळं नऊ दिवसांत उरकलं. त्या एका ओळीला सहा आठवडे लागले.

अमेरिकेत पोलिस, आगीचा बंब आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी ९११ हा एकच नंबर आहे. या नंबरावरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात झाला. राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती रँकिन फाइट यांनी तो केला आणि पोलिस ठाण्यात काँग्रेस सदस्य टॉम बेव्हिल यांनी तो उचलला. नंबर देशभर एक असला, तरी तो उचलणारं केंद्र एक नाही. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, वेगळं, शहराचं वेगळं, अशी हजारो केंद्रं आहेत. त्यामुळे नंबर लागला म्हणजे काम झालं असं होत नाही. तो कोणत्या केंद्रात वाजला आणि तिथे बसलेल्या माणसाच्या पडद्यावर कोणता पत्ता उमटला, यावर पुढची सगळी धावपळ ठरते.

९११ चं काम हाती घेतलं त्या पहिल्याच रात्री तिने यंत्रणेत शोधायला घेतलं : आत्ता, या क्षणी, खाणीवरच्या कुणी ९११ दाबलं तर काय होईल? ज्याने आधी जोडणी केली होती त्याने मुख्य कचेरीचे नियम जसेच्या तसे उचलून खाणीवर लावले होते. फोन खाणीवरून निघणार, इंटरनेटवरून ओहायोला जाणार, तिथल्या ट्रंकवरून, म्हणजे बाहेरच्या जगाला जोडणाऱ्या लाइनीवरून, बाहेर पडणार आणि ओहायोतल्या शहराच्या केंद्रात वाजणार. पडद्यावर पत्ता दिसणार मुख्य कचेरीचा. अपघात न्यू मेक्सिकोत आणि रुग्णवाहिका सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, एका काचेच्या इमारतीच्या दारात. फोन करणाऱ्याला बोलता आलं, त्याने ‘मी तिथे नाही, इथे आहे’ असं सांगितलं, तरी ओहायोच्या त्या केंद्राला न्यू मेक्सिकोतलं नेमकं केंद्र शोधून, त्याचा दहा आकडी नंबर फिरवून फोन पुढे द्यावा लागला असता. आणि बोलता आलं नाही तर?

त्या रात्री तिने ओहायोतल्या प्रकल्प व्यवस्थापकाला लिहिलं की हे होईपर्यंत खाणीवरच्या प्रत्येक फोनवर चिठ्ठी चिकटवा : आणीबाणीत या फोनवरून ९११ लावू नका, वजनकाट्याच्या केबिनमधल्या जुन्या फोनवरून लावा. जुनी यंत्रणा अजून काढलेली नव्हती. तिने काढू दिली नाही.

तिचे वडील साताऱ्यात टेलिफोन खात्यात लाइनमन होते. शनिवारी ती घरी गेली तेव्हा हा सगळा पेच तिने त्यांच्यापुढे मांडला. त्यांना ट्रंक, सर्व्हर, इंटरनेट यांत रस नव्हता, पण फोन भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा दिसतो हे त्यांना पटेना.

‘‘अगं, फोन कुठनं आला हे तारेला विचारायचं,’’ ते म्हणाले. ‘‘एक्स्चेंजातल्या जोडणीच्या फळीवर जोडी बघायची. जोडीवरनं खांब, खांबावरनं घर. तार जिथं उतरली तिथंच फोन. दुसरीकडं कसा असेल?’’

‘‘बाबा, आता तारच नसते.’’

‘‘मग त्याला ठाऊक कसं व्हायचं, आपण कुठं उभे आहोत ते?’’

नेमका प्रश्न हाच होता, आणि तो त्यांनी अर्ध्या मिनिटात तिच्यासमोर ठेवला. जुन्या फोनला पत्ता कुणी शिकवायला लागत नसे. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याची एक जोडी आलेली असे आणि ती जोडी म्हणजेच पत्ता. अमेरिकेतल्या केंद्रांनी याच गोष्टीचा आधार घेतला. फोन आला की नंबर दिसतो आणि नंबरासमोर कंपनीच्या नोंदीतला पत्ता उमटतो. नंबर आणि जागा यांची गाठ तारेने घातलेली होती. इंटरनेटवरच्या फोनने ती गाठ सोडली. आज तो फोन क्रशरच्या खोलीत आहे. उद्या कुणी तो उचलून वर्कशॉपमध्ये नेला, भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटला लावला, तरी त्याचा नंबर तोच राहतो आणि तो तितकाच छान चालतो. सोय म्हणून ही गोष्ट मोठी आहेच. फक्त आता फोनची जागा कुणीतरी माणसाने यंत्रणेला सांगावी लागते आणि जागा बदलली की पुन्हा सांगावी लागते.

न सांगितल्याने काय होतं, याचं एक उदाहरण तिला पाठ होतं. २००८ साली कॅनडातल्या कॅल्गरी शहरात एका घरात दीड वर्षाचं मूल अत्यवस्थ झालं. घरच्यांनी इंटरनेटवरच्या फोनवरून ९११ लावलं. ते कुटुंब पूर्वी ऑन्टारिओतल्या मिसिसागात राहायचं आणि फोन कंपनीच्या नोंदीत पत्ता तिथलाच राहिला होता. रुग्णवाहिका अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर, त्या जुन्या घरी गेली. मूल वाचलं नाही.

९११ बद्दलच्या अमेरिकी कायद्याची गोष्टही अशाच एका मृत्यूपासून सुरू झाली. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सासमधल्या मार्शल गावात, एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट या तरुणीवर तिच्यापासून वेगळं राहणाऱ्या नवऱ्याने हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी तिथेच होती. तिला शाळेत, घरात शिकवलं होतं तेच तिने केलं : खोलीतल्या फोनवरून ९११ दाबलं. एकदा नाही, चार वेळा. फोन लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेर फोन करायला आधी ९ दाबावा लागत होता. आईचा जीव गेला. कारीचे वडील हँक हंट यांनी नंतरची कितीतरी वर्षं एकाच मागणीसाठी घालवली : कुठल्याही फोनवरून, आधी काहीही न दाबता, ९११ थेट लागलं पाहिजे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे त्या वेळचे सदस्य अजित पै यांनी जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दहा सर्वांत मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या प्रमुखांना पत्रं पाठवून विचारलं की तुमच्या खोल्यांमधून ९११ थेट लागतं का. कारीच्या नावाचा कायदा अखेर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी झाला. हेलीव्हिलच्या त्या पहिल्या फोनला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. दोन वर्षांनी, १६ फेब्रुवारी २०२० पासून, कचेऱ्या-हॉटेलांत नव्या बसवल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक फोन यंत्रणेला तो लागू झाला.

या कायद्यात दोन गोष्टी आहेत. ९११ थेट लागलं पाहिजे, ही एक. कुणी ९११ लावलं की त्याच क्षणी इमारतीतल्या किंवा कंपनीतल्या जबाबदार माणसाला कळलं पाहिजे, ही दुसरी : फोन झाला आहे, अमुक नंबरावरून, अमुक जागेवरून. म्हणजे बंब दारात आला तर दार उघडायला, जिना दाखवायला कुणीतरी असेल. २०१८ मध्येच आणखी एक कायदा झाला. त्या वर्षी वारलेल्या रे बॉम या संसदीय समितीच्या प्रमुख अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं गेलं. त्याखालच्या नियमांनी ‘पत्ता’ या शब्दाचा अर्थ ताणून नेमका केला. रस्ता आणि घर क्रमांक पुरेसा नाही. मजला, खोली, भाग, म्हणजे आत शिरलेल्या माणसाला जिथे पोचायचं ती जागा सांगता आली पाहिजे. जागेवरून न हलणाऱ्या फोनांसाठी ही अट ६ जानेवारी २०२१ पासून आली, हलणाऱ्यांसाठी वर्षभराने.

हे सगळं तिने प्रकल्पाच्या कागदांत घातलं. तरी मनात घर करून बसली ती चार वेळा नंबर दाबणारी मुलगी. नियम लिहिताना तिने आधी तिचा विचार केला. ९११ चालेल, आणि सवयीने कुणी आधी ९ दाबला तर ९९११ सुद्धा चालेल. दोन्हींचा अर्थ एकच.

इथे एक आडवाट आहे, पण ती सांगितलीच पाहिजे. ९११ हा नंबर यंत्रणेत ‘तातडीचा’ म्हणून नोंदवतात. म्हणजे हे तीन आकडे आले की पुढे आणखी आकडे येतात का, याची वाट न बघता फोन लगेच सुटतो. सेकंद वाचतात. पण बऱ्याच अमेरिकी कचेऱ्यांत बाहेरच्या फोनसाठी ९ आणि लांबच्या गावासाठी १ दाबायची पद्धत असते. बोट एकावर दोनदा पडलं की ९११ झालं. म्हणून अनेक ठिकाणी बाहेर पडायचा आकडा ९ बदलून ८ करतात, आणि तिनेही तो तसा करायला लावला. दुसरी गंमत तिला एका सहकाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डाकडे बघता बघता कळली. भारताचा क्रमांक ९१ आणि दिल्लीचा ११. अमेरिकेतून परदेशी फोन लावताना आधी ०११ दाबायचा असतो. तो विसरून कुणी कार्डावरचा दिल्लीचा नंबर जसाच्या तसा दाबायला घेतला, तर पहिले तीन आकडे ९, १, १ होतात. चौथा दाबायच्या आत फोन न्यू मेक्सिकोतल्या आणीबाणी केंद्रात. मुंबईच्या २२ ला आणि पुण्याच्या २० ला हा धोका नाही, दिल्लीला आहे. यावर यंत्रणेत उपाय नव्हता. तिने दिल्लीचे नेहमीचे नंबर पूर्ण रूपात फोनच्या यादीत भरून दिले आणि सगळ्यांना एक गोष्ट बजावली : चुकून लागला तर ठेवून देऊ नका. ओळीवर थांबा, चूक झाली म्हणून सांगा. फोन ठेवला की केंद्रातल्या माणसाला तुमचा शोध घ्यावा लागतो.

खरं काम होतं पत्त्याचं.

कंपनीच्या कागदांत खाणीचा पत्ता म्हणून जे होतं ती पासष्ट किलोमीटरवरच्या गावातल्या टपाल कार्यालयातली पेटी होती. रुग्णवाहिका पेटीकडे जाऊ शकत नाही. पत्ता काउंटीच्या रस्त्यांच्या अधिकृत सूचीशी अक्षरशः जुळावा लागतो. रस्त्याचं नाव एका शब्दाने इकडेतिकडे झालं तरी नोंद नाकारली जाते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात बऱ्याच रस्त्यांना नावं आणि घरांना क्रमांक मिळाले ते ९११ मुळेच. त्याआधी टपालाच्या फेरीचा मार्ग आणि पेटीचा नंबर यावर भागायचं. क्रमांक देण्याची एक सर्रास पद्धत तिला फार आवडली. मैलाला हजार क्रमांक, म्हणजे दर ५.२८ फुटांना एक. एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. म्हणजे घराचा क्रमांक हे अंतर असतं. गाडीच्या मैलमापकावर नजर ठेवून ड्रायव्हर अंधारातही त्या फाटकाशी पोचू शकतो. साताऱ्याजवळच्या तिच्या आजोळचा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे, पाराजवळ’ असा होता. तो गावातल्या माणसाला पुरतो. १०८ वर फोन उचलणाऱ्याला आधी तालुका लागतो, मग गाव, मग पार.

खाणीच्या पुढच्या फाटकाला असा क्रमांक मिळालेला होता. तो सगळ्या ३१ फोनांना लावून टाकावा, असं ओहायोतल्या व्यवस्थापकाचं म्हणणं होतं. एक जागा, एक पत्ता. तीही जवळजवळ कबूल झाली होती. उपग्रहाच्या चित्रात पुढच्या फाटकापासून क्रशरपर्यंत रस्ता स्पष्ट दिसत होता.

वजनकाट्यावर काम करणारी बाई तिथे बावीस वर्षं होती. ट्रक येतो, काट्यावर चढतो, ती वजन लिहून पावती देते. खाणीतून जाणारा प्रत्येक ट्रक तिच्या खिडकीसमोरून जातो. दुपारच्या सुट्टीत फोनांच्या जागा मोजायला ती मदत करायची. एका रात्री, पुण्याची रात्र, तिला उपग्रहाचं चित्र पाठवून विचारलं : रुग्णवाहिका पुढच्या फाटकातून आली तर क्रशरपर्यंत किती वेळ लागेल?

बाई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तो रस्ता आता नाही. चित्र जुनं आहे. तिथे आता खड्डा आहे.

खाण पुढे सरकत गेली होती आणि तिने आपलाच रस्ता खाल्ला होता. पुढच्या फाटकातून आत आलेली गाडी कचेरी आणि वजनकाट्यापर्यंत पोचली असती आणि मग खड्ड्याच्या काठावर उभी राहिली असती. क्रशर समोर दिसतोय, हाक ऐकू येईल इतका जवळ, पण तिथे जायला पुन्हा हमरस्त्याला लागून, वळसा घालून, मागच्या कच्च्या रस्त्याने अकरा किलोमीटर. क्रशर, वर्कशॉप आणि डिझेलची साठवण या तिन्ही जागा मागच्या फाटकाच्या होत्या. माणसाचा हात सापडण्याची, भाजण्याची, छातीत कळ येऊन कोसळण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, त्या याच जागा. आणि मागच्या फाटकाला क्रमांकच नव्हता.

त्या रात्री ती झोपली नाही. चूक झाली असती तर ती कुणाच्या लक्षातही आली नसती, याची तिला भीती वाटत राहिली. चाचणी केली असती, पडद्यावर पत्ता उमटला असता, तो अधिकृत सूचीशी जुळला असता, सगळ्यांनी बरोबर म्हणून खूण केली असती.

मागच्या फाटकासाठी काउंटीकडे अर्ज गेला. पत्ते देणाऱ्या कचेरीतला माणूस स्वतः गाडी घेऊन आला, हमरस्त्याच्या फाट्यापासून अंतर मोजलं आणि दोन आठवड्यांनी क्रमांक कळवला. मग तिने खाणीचे पाच भाग पाडले : कचेरी, वजनकाटा, वर्कशॉप, क्रशरची नियंत्रण खोली, डिझेल साठवण. प्रत्येक भागाला बाहेर दिसणारा स्वतंत्र नंबर, प्रत्येक नंबरामागे फाटक आणि आतली जागा. क्रशरच्या खोलीतला कुठलाही फोन ९११ लावेल तेव्हा केंद्राला क्रशरचा नंबर दिसेल. ओळ तुटली आणि केंद्राने तोच नंबर उलट फिरवला, तर ज्याने फोन केला होता नेमका तोच फोन वाजेल. तीन बिनतारी फोन होते, त्यांना त्यांच्या खांबावरच्या यंत्राचा पत्ता दिला.

आपण कुठं उभे आहोत हे फोनला ठाऊक कसं व्हायचं, या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर होतं नेटवर्क स्विचचं भोक. फोन भिंतीतल्या ज्या सॉकेटला लागतो, ती केबल पॅच पॅनलवरून एका स्विचच्या ठरावीक पोर्टला जाते. पोर्ट जागचा हलत नाही. म्हणून पत्ता फोनला न देता पोर्टला दिला. फोन कुठेही न्या, ज्या पोर्टला लागेल त्या पोर्टची जागा त्याची. हे सांगितल्यावर वडील एकदम खूश झाले. ‘‘म्हणजे जोडीच की ती!’’

फक्त ही जोडी कागदावर बरोबर लिहिलेली असली पाहिजे.

आधी कोरडी चाचणी झाली. फोन सेवा देणाऱ्या अनेक कंपन्या ९३३ हा नंबर देतात. तो लावला की खरं केंद्र मध्ये न येता एक आवाज तुमचा नंबर आणि नोंदीतला पत्ता वाचून दाखवतो. पाचही भागांतून लावला. चार बरोबर आले. वर्कशॉपच्या फोनवर डिझेल साठवणीचा पत्ता ऐकू आला. बाईने पॅच पॅनलपाशी जाऊन मोबाइलचा प्रकाश पाडला. काही वर्षांपूर्वी कुणीतरी दोन केबल काढून परत लावताना अदलाबदल केली होती आणि वरच्या चिठ्ठ्या जुन्याच राहिल्या होत्या. आतापर्यंत त्याने कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग खरी चाचणी. ती पुण्यातून करता येत नाही. तिकडच्या माणसाने तिकडच्या फोनवरून ९११ लावायचं, आणि त्याआधी केंद्राच्या साध्या नंबरावर फोन करून परवानगी घ्यायची. केंद्राने मंगळवारी सकाळी दहा ते साडेदहा ही वेळ दिली. खरा फोन आला तर आम्ही लगेच ठेवू, तुम्ही पुन्हा पुढच्या मंगळवारी या, असं आधीच सांगितलं. पुण्यात रात्रीचे साडेनऊ. ती दुसऱ्या ओळीवर ऐकत होती. बाईने ९११ दाबलं. पलीकडून पहिला प्रश्न आला तो पत्त्याचाच : तुमची आणीबाणी कोणत्या पत्त्यावर आहे?

‘‘ही चाचणी आहे, आणीबाणी नाही,’’ बाई म्हणाली. ‘‘तुमच्या पडद्यावर काय दिसतंय ते कृपा करून वाचता?’’

केंद्रातल्या स्त्रीने नंबर वाचला, मग रस्ता, क्रमांक, आणि मग ‘मागचं फाटक, क्रशर नियंत्रण खोली’. आवाजात काही नव्हतं, ती रोज शेकडो वेळा वाचत असेल तसंच वाचत होती. पुण्यातल्या खोलीत ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटची चाचणी इंटरनेट तुटल्याची. वाळवंटातल्या एकाकी जागी जोडणी एकच, आणि वादळात ती जाते. तेव्हा फोन ओहायोला पोचू शकत नाहीत; खाणीवरचाच राउटर त्यांना तात्पुरतं सांभाळतो आणि ९११ साठी तांब्याच्या एका साध्या लाइनीवरून फोन बाहेर पाठवतो. आराखड्यात ही लाइन होती. बाईने इंटरनेटची केबल उपसली, दोन मिनिटांत फोन पुन्हा जागे झाले, ९३३ च्या जागी तिने आधी नुसता साधा नंबर लावून बघितला. शांतता. राउटरमधून लाइन काढून तिला थेट एक साधा फोन जोडला. डायल टोन नाही.

चौकशीअंती कळलं की ओहायोच्या हिशेब विभागाने ती लाइन बंद केली होती. चौदा महिन्यांत तिच्यावरून एकही फोन झाला नव्हता आणि भाडं दर महिन्याला जात होतं. चिडण्यासारखं होतं, पण त्यांच्यापुढे फक्त बिल होतं. तिने त्यांना लिहिलं की या लाइनीचं बिल असंच दिसायला हवं, शून्य फोनांचं, वर्षानुवर्षं. आणि बिलाच्या नोंदीत ‘आणीबाणी – बंद करू नये’ असे शब्द घालून घेतले. तांब्याच्या लाइनी आता कंपन्यांना नकोशा झाल्या आहेत. ती परत जोडून मिळायला तीन आठवडे लागले. तोवर वजनकाट्याच्या केबिनमधला जुना फोन आणि ३१ चिठ्ठ्या जागच्या जागी राहिल्या.

वडिलांनी त्यात एक भर घातली. साध्या फोनला वीज तारेतूनच येते, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरून, ४८ व्होल्ट. गावात दोन दोन दिवस वीज नसली तरी डायल टोन असायचा. नवे फोन वीज गेली की यूपीएसवर चालतात आणि यूपीएस संपला की संपले. म्हणून त्याच तांब्याच्या लाइनीवर केबिनच्या भिंतीला एक साधा लाल फोन कायमचा लावला. त्याला राउटर नको, स्विच नको.

सूचनेचा भाग लवकर झाला. कुणी ९११ लावलं की संदेश जाणार : दिवसा बाईच्या संगणकावर आणि शिफ्ट प्रमुखाच्या मोबाइलवर, रात्री पहारेकऱ्याच्या. पहारेकऱ्याने विचारलं, संदेश आल्यावर मी नक्की काय करायचं? ठरलं असं : कुठलं फाटक लिहिलंय ते वाचायचं आणि टॉर्च घेऊन त्या फाटकावर जाऊन उभं राहायचं.

काम बंद करण्याच्या दिवशी ती आपल्याच लॅपटॉपकडे बघत बसली. त्यावरही याच यंत्रणेचा फोन होता, ओहायोचा नंबर असलेला. वाकडच्या या घरात काही झालं आणि शेजारच्या कुणी घाईत तोच उचलला, तर पुण्यात कुणालाच कळणार नाही. तिने पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी लावली : मोबाइलवरून ११२. दुसऱ्या दिवशी टीममधल्या सगळ्यांच्या लॅपटॉपला लावली.

नोव्हेंबरमध्ये वजनकाट्यावरच्या बाईचा संदेश आला. पावसाळी पाण्यामुळे काट्याची केबिन चाळीस फूट मागे सरकवणार होते, शुक्रवारी. फोनही जाणार. तिने विचारलं होतं, फोनला हे आधी कळवावं लागेल का?

तिने पोर्टांची यादी उघडली, नव्या केबिनपर्यंत केबल कुठून आणणार ते विचारलं आणि केंद्राकडे पुढच्या मंगळवारची वेळ मागितली.